लिहिलेले कुठे गेले?

मंडळी, तुम्ही आता लिहायला-वाचायला शिकलात. सही करता येते. एसटीची पाटी वाचता येते. फोनवर आलेला निरोप दुसऱ्याकडे न नेता स्वतःच वाचता येतो. पुष्कळांच्या हाती आता स्वतःचा फोन आहे. त्या फोनवर तुम्ही लिहूही लागला आहात. ही फार आनंदाची गोष्ट आहे.

पण लिहिता लिहिता एक अडचण येते. तासभर खपून चार ओळी लिहाव्यात. उरलेले उद्या लिहू म्हणून फोन बाजूला ठेवावा. दुसऱ्या दिवशी बघावे, तर लिहिलेले गायब! कुठे गेले? कोणी पुसले? परत मिळेल का? मन खट्टू होते. मग माणूस म्हणतो, “हे आपलं काम नव्हे.”

तसे म्हणू नका. लिहिलेले का हरवते हे एकदा कळले, की ते जपताही येते. तेच आज समजून घेऊ. आधी आमच्या गावची एक हकीकत ऐका.

आक्कांच्या अकरा ओळी

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यातले. सोलापूरला जायला एसटीने पाऊण तास लागतो. गावात आठ बायकांचा बचत गट आहे. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी करून त्या विकतात. गटात सगळ्यांत वडील त्या आक्का. वय साठीच्या घरातले. लहानपणी त्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. दोन वर्षे रात्रीच्या वर्गाला आल्या आणि लिहायला शिकल्या. तो वर्ग मी चालवतो. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. प्राथमिक शाळेत हेडमास्तर होतो. आता निवृत्त झालो आहे.

ही गोष्ट २०२५ सालच्या जानेवारीतली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी येते. त्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी घरोघरी लागते. शहरात पुष्कळांना भाकरी थापायला सवड नसते. म्हणून गटाने ठरवले, की भोगीच्या भाकरी करून सोलापुरात पोचवायच्या. पण लोकांना कळणार कसे? गटातल्या एका सुनेच्या फोनवर गटाचे खाते होते. त्यावर भाकरीचा व्हिडिओ टाकायचा आणि खाली मजकूर लिहायचा, असे ठरले.

मजकूर कोणी लिहायचा? सगळ्या म्हणाल्या, “आक्का, तुम्हीच लिवा. भाकरी तुमच्या हातची, बोलणं पण तुमचंच असू द्या.”

आक्कांनी फोन घेतला. बोटाने एकेक अक्षर शोधून त्यांनी लिहायला सुरुवात केली. तीन संध्याकाळी बसून अकरा ओळी झाल्या. वर्गात त्यांनी फळ्यावरचे उतरवून काढले होते. स्वतःच्या मनाने लिहिलेले हे पहिलेच. रोज लिहून झाले की सून ते मसुदा म्हणून ठेवून देई. भोगी १३ तारखेला होती. शनिवारी ११ तारखेला शेवटची ओळ लिहायची आणि सगळे लोकांपुढे टाकायचे, असा बेत होता.

त्या शनिवारी दुपारी फोन सांगू लागला, की जागा भरली आहे. सुनेने मला विचारले. मी तिच्या मुलाला म्हणालो, “बाळ, थोडी जागा मोकळी कर बघू.” पोर चलाख. त्याने सेटिंगमध्ये जाऊन कोणत्या ॲपने किती जागा धरली आहे ते पाहिले. सगळ्यांत जास्त जागा त्या व्हिडिओच्या ॲपने धरली होती. तिथे ‘क्लिअर डेटा’ असे बटण होते. त्याने ते दाबले. जागा झाली. आम्ही खूष!

संध्याकाळी आक्का आल्या. ॲप उघडले. त्याने पुन्हा नाव आणि पासवर्ड विचारला. तो दिला. खाते तसेच होते. जुने फोटो तसेच होते. मसुदा मात्र नव्हता.

आक्का म्हणाल्या, “गुरुजी, माझं लिवलेलं कुठं गेलं?”

मला उत्तर देता आले नाही. पोर रडकुंडीला आले. मी त्याला रागावलो नाही. काम मीच सांगितले होते आणि कोणते बटण दाबू नये हे मलाच ठाऊक नव्हते. चूक माझी होती. पुढे मी जाणत्यांना विचारत गेलो, स्वतः करून पाहत गेलो. जे कळले ते आता तुम्हाला सांगतो.

मसुदा म्हणजे काय?

ग्रामपंचायतीत अर्ज द्यायचा आहे. आपण काय करतो? आधी साध्या कागदावर कच्चे लिहून काढतो. खाडाखोड करतो. कोणाला तरी वाचून दाखवतो. मग चांगल्या कागदावर उतरवतो आणि सही करून देतो. तो पहिला कच्चा कागद म्हणजे मसुदा. इंग्रजीत त्याला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. फोनवरही तुम्हाला हाच शब्द दिसेल.

व्हॉट्सॲपवर अर्धा निरोप लिहून तुम्ही बाहेर आलात, तर यादीत त्या नावाखाली हिरव्या अक्षरात ‘ड्राफ्ट’ किंवा ‘मसुदा’ असे दिसते. अशी ठळक हिरवी खूण नोव्हेंबर २०२४ पासून दाखवू लागले. त्याचा अर्थ, “तुमचा निरोप अर्धा आहे, अजून गेलेला नाही.” पुष्कळांना वाटते निरोप गेला. तो गेलेला नसतो. उघडून पुरा करावा आणि पाठवण्याचे बटण दाबावे.

पाटी, वही आणि फळा

फोनमध्ये लिहिलेले तीन ठिकाणी असू शकते. शाळेची उपमा घेऊ, म्हणजे चटकन ध्यानात येईल.

पहिले ठिकाण म्हणजे पाटी. तुम्ही पडद्यावर लिहीत असता, तेव्हा अक्षरे पाटीवर असतात. पाटीवरचे केव्हाही पुसले जाते. फोन बंद पडला की पाटी कोरी!

दुसरे ठिकाण म्हणजे वही. तुम्ही ‘सेव्ह’ किंवा ‘जतन करा’ म्हणता, तेव्हा लिहिलेले पाटीवरून वहीत उतरते. फोन बंद केला, तरी वहीतले राहते. मसुदा हा असा वहीत असतो. पण ही वही त्या ॲपच्या दप्तरात असते. दप्तर फेकले की वही गेली.

तिसरे ठिकाण म्हणजे ग्रामपंचायतीबाहेरचा फळा. तुम्ही मजकूर लोकांपुढे टाकला, म्हणजे ‘पोस्ट’ केला, की तो तुमच्या फोनमधून निघतो आणि कंपनीच्या दूरच्या संगणकावर जातो. मग तुमचा फोन विहिरीत पडला, तरी तो मजकूर फळ्यावर राहतो. दुसऱ्या फोनवरूनही दिसतो.

आता आक्कांचे काय झाले ते कळेल. जुने फोटो फळ्यावर होते, ते राहिले. मसुदा दप्तरातल्या वहीत होता. पोराने दप्तरच रिकामे केले. म्हणून मसुदा गेला.

सगळ्या ॲपांची रीत मात्र सारखी नसते. इन्स्टाग्रामवरचा मसुदा ज्या फोनवर लिहिला त्याच फोनमध्ये राहतो. दुसऱ्या फोनवर तेच खाते उघडले, तर तो तिथे दिसत नाही. जीमेलचे तसे नाही. जीमेलवर अर्धे लिहिलेले पत्र खात्यातच जाऊन बसते. इंटरनेट चालू असेल, तर दुसऱ्या फोनवरही ते सापडते. तेव्हा आपले ॲप मसुदा कुठे ठेवते, फोनमध्ये की खात्यात, हे एकदा जाणत्या माणसाला विचारून घ्यावे. माहीत नसेल, तर तो फोनमध्येच आहे असे समजून वागावे. त्यात नुकसान नाही.

मसुदा का राहत नाही?

कारणे बरीच आहेत. एकेक पाहू.

पहिले कारण. आपण जतन करायला सांगितलेच नाही. लिहून झाले आणि मागे जाण्याची खूण दाबली, की पुष्कळ ॲप विचारतात, “मसुदा ठेवू, की टाकून देऊ?” आपण घाईत असतो. न वाचताच बोट टेकवतो. बोट ‘टाकून द्या’वर पडले, की संपले. इंग्रजीत तिथे ‘डिस्कार्ड’ असे असते. ‘डिस्कार्ड’ म्हणजे टाकून देणे. ‘सेव्ह ड्राफ्ट’ म्हणजे मसुदा जतन करणे. हे दोन शब्द ओळखायला शिका. इंग्रजी येत नसले, तरी त्यांचे रूप ध्यानात ठेवता येते. आणि फोनची भाषा मराठी करून घेता येते, हेही विसरू नका.

दुसरे कारण. मध्येच दुसरे काम निघाले. लिहिताना कोणाचा फोन आला. किंवा आपण फोटो काढायला गेलो. फोनची पाटी लहान असते. स्वस्त फोनची तर फारच लहान. नवे काम आले, की फोन जुने काम पुसून जागा करतो. वर्गात पाट्या कमी आणि पोरे जास्त असली, की काय होते? एकाचे पुसून दुसऱ्याला द्यावी लागते. तसेच हे. म्हणून लिहिताना उठायचे झाले, तर आधी जतन करावे, मग उठावे.

तिसरे कारण. फोनमध्ये जागा नाही. कणगी तोंडापर्यंत भरली, तर नवे पायलीभर धान्य कुठे ओताल? फोनचे तसेच आहे. जागा नसली की व्हिडिओसकट मसुदा ठेवता येत नाही. अक्षरांना जागा थोडी लागते. व्हिडिओला फार लागते. एका मिनिटाच्या चांगल्या व्हिडिओला शंभर एमबीच्या आसपास जागा लागू शकते. तेवढ्या जागेत आक्कांच्या अकरा ओळी हजारो वेळा मावतील. म्हणजे जागा अडते ती अक्षरांनी नव्हे, व्हिडिओंनी.

चौथे कारण. मूळ फोटो किंवा व्हिडिओ आपणच पुसला. मसुद्यात टाकलेला फोटो पुष्कळदा फोनच्या गॅलरीतून घेतलेला असतो. आपण गॅलरी साफ करताना तो फोटो पुसतो. मग मसुदा उघडत नाही, किंवा अर्धा उघडतो. मसुदा लोकांपुढे जाईपर्यंत मूळ फोटो पुसू नये.

पाचवे कारण. ॲप काढून टाकले किंवा खात्यातून बाहेर पडलो. ॲप बिघडले की शेजारचे पोर म्हणते, “काढून टाक आणि परत घाल. नीट होतंय.” ॲप नीट होईल. पण इन्स्टाग्रामसारख्या ॲपमधले मसुदे त्याबरोबर जातील. खात्यातून बाहेर पडतानाही मसुद्याला धोका असतो.

सहावे कारण. ‘क्लिअर डेटा’. काही फोनवर याला ‘क्लिअर स्टोरेज’ म्हणतात. हेच बटण आम्हाला नडले. त्याच्या शेजारी दुसरे बटण असते, ‘क्लिअर कॅश’. दोघांतला फरक नीट समजून घ्या. कॅश म्हणजे ॲपने तात्पुरता साठवलेला पालापाचोळा. तो झाडून काढला, तरी सामान सहसा जागेवर राहते. ‘क्लिअर डेटा’ म्हणजे घर झाडणे नव्हे, घरातले सगळे सामान बाहेर फेकणे. ते बटण कोणाच्याही सांगण्यावरून दाबू नये.

सातवे कारण. मुदत संपली. काही मसुद्यांना मुदत असते. इन्स्टाग्रामवर ‘स्टोरी’ म्हणून लिहिलेला मसुदा सात दिवसच राहतो. आठव्या दिवशी शोधून उपयोग नाही. म्हणून मसुदा फार दिवस भिजत ठेवू नये.

आठवे कारण. ॲपमध्येच खोड आहे. ॲप माणसेच तयार करतात. त्यांत चुका राहतात. त्या सुधारून नवे ॲप निघते. आपण जुनेच वापरत राहिलो, तर जुनी खोडही राहते.

पुष्कळांना वाटते, रेंज नसली म्हणून मसुदा राहिला नाही. फोनमध्ये राहणाऱ्या मसुद्याला बहुधा रेंज लागत नाही. फळ्यावर टाकायला मात्र रेंज लागते.

मसुदा राहत नसेल तर काय करावे?

घाबरू नये आणि भराभर बटणे दाबू नयेत. अंगणात सुई पडली, तर आपण आधी पावले थांबवतो. तसे इथे थांबावे. मग पुढची कामे याच क्रमाने करावीत.

१. पडद्यावर अक्षरे अजून दिसत असतील, तर आधी ती वाचवा. अक्षरांवर बोट थोडा वेळ दाबून धरा. ‘सगळे निवडा’ आणि मग ‘कॉपी’ असे येईल. ते दाबा. मग व्हॉट्सॲप उघडा. तिथे स्वतःलाच निरोप पाठवता येतो. ही सोय नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. संपर्कांच्या यादीत आपले स्वतःचे नाव असते. ते उघडा. लिहायच्या जागेवर बोट दाबून धरा आणि ‘पेस्ट’ म्हणा. सगळी अक्षरे तिथे उतरतील. लगेच पाठवा. कॉपी केलेले फार वेळ राहत नाही. दुसरे काही कॉपी केले, की पहिले जाते.

ॲप अडकल्यामुळे कॉपी करता येत नसेल, तर पडद्याचा फोटो काढून ठेवा. पुष्कळ फोनवर चालू-बंद करण्याचे बटण आणि आवाज कमी करण्याचे बटण एकदम दाबले, की असा फोटो निघतो. तेही जमले नाही, तर वही-पेन्सिल घ्या आणि बघून उतरवा.

२. मसुदा खरेच गेला का, ते पाहा. कधी कधी तो असतो, आपण चुकीच्या जागी शोधतो. इन्स्टाग्रामवर रीलचे मसुदे आपल्या पानावर रीलच्या कप्प्यात ‘ड्राफ्ट्स’ या नावाखाली असतात. एका फोनवर दोन खाती असतील, तर आपण कोणत्या खात्यात आहोत तेही पाहा.

३. जागा पाहा. फोनच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज’ उघडा. किती जागा भरली, किती मोकळी आहे, ते तिथे दिसते. जागा करायची, तर आधी व्हॉट्सॲपवर आलेले फुकटचे व्हिडिओ पुसा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ आणि त्यात ‘मॅनेज स्टोरेज’ असे असते. कोणते व्हिडिओ सगळ्यांत मोठे आणि कोणते पुष्कळ वेळा पुढे ढकललेले, हे ते दाखवते. ‘शुभ सकाळ’चे शंभर व्हिडिओ गेले, तर कोणाचे काही अडत नाही. पण घरच्या लग्नाचे, गेलेल्या माणसाचे फोटो पुसण्याआधी दहादा विचार करा.

४. ॲप पूर्ण बंद करा. मग फोन बंद करून पुन्हा चालू करा. पाटी कोरी होते आणि फोनला नीट काम करता येते. हे करण्याआधी पहिले काम, म्हणजे अक्षरे वाचवण्याचे, झालेले असावे.

५. ॲप नवे करून घ्या. प्ले स्टोअर उघडून त्या ॲपचे नाव शोधा. ‘अपडेट’ असे दिसले, तर ते दाबा. ‘अपडेट’ म्हणजे जुन्यावर नवे चढवणे. ते ॲप काढून टाकण्यासारखे नव्हे.

६. ॲपला फोटो पाहण्याची परवानगी आहे का, ते पाहा. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या नावाखाली ‘परवानगी’ किंवा ‘परमिशन’ असे असते. फोटो-व्हिडिओंची परवानगी नसली, तर मसुद्यात फोटो धरता येत नाही.

७. एवढे करून भागले नाही, तर ‘क्लिअर कॅश’ करा. ‘क्लिअर डेटा’ नव्हे.

८. ॲप काढून पुन्हा घालणे हा अगदी शेवटचा उपाय. सगळे मसुदे बाहेर काढून झाल्यावर आणि आपला पासवर्ड आपल्याला ठाऊक असेल, तरच तो करावा.

दुरुस्ती झाली का, हे कसे ओळखाल? मोठा मजकूर लिहून पाहू नका. ‘राम राम’ एवढेच लिहा. मसुदा म्हणून जतन करा. ॲप बंद करा, पुन्हा उघडा. ‘राम राम’ तिथे असेल, तर काम झाले.

फसू नका

गेलेला मसुदा आणून देतो, असे सांगणारे लोक भेटतात. कोणी म्हणेल, “पासवर्ड द्या.” कोणी म्हणेल, “आलेला ओटीपी सांगा.” कोणी म्हणेल, “हे ॲप घाला, पाचशे रुपये पाठवा.” एकालाही दाद देऊ नका. मसुदा गेला, तर चार ओळी गेल्या. पासवर्ड गेला, तर खाते गेले. ओटीपी गेला, तर बँकेतले पैसेही जातील. फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. सायबर फसवणुकीची तक्रार घेण्यासाठी सरकारने हा क्रमांक ठेवला आहे. जितक्या लवकर कळवाल, तितके बरे.

दप्तर रिकामे केल्यावर गेलेला मसुदा बहुतेक परत येत नाही. हे कडू आहे, पण खरे आहे. म्हणून शोधण्यापेक्षा जपणे सोपे.

जपायचे कसे? एकच रीत सांगतो. आपले लिहिणे आधी आपल्या जागी लिहावे, मग ॲपमध्ये उतरवावे. आपली जागा म्हणजे साधी कागदाची वही. किंवा फोनमधली टिपणवही, जिला ‘नोट्स’ म्हणतात. किंवा स्वतःला पाठवलेला निरोप. ॲप ही परक्याची ओसरी. तिथे बसावे, चार लोकांशी बोलावे. पण दागिन्यांचा डबा कोणी परक्याच्या ओसरीवर ठेवतो का?

पुढे काय झाले?

त्या शनिवारी संध्याकाळी आक्का पाच मिनिटे गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “गुरुजी, रडून भाकरी होत न्हाई. वही द्या.”

मी वर्गातली वही दिली. त्या चुलीजवळ बसल्या. सून पीठ मळत होती. आक्का लिहीत होत्या. तीन संध्याकाळचे काम त्यांनी त्या एका रात्री केले. अकरा ओळींच्या सात झाल्या. त्या अशा:

“आम्ही आठ जणी आहोत. बाजरी आमच्या रानातली आहे. पीठ रोज दळतो, शिळं वापरत नाही. भोगीच्या भाकरीला तीळ दोन्ही अंगानी लावतो. सोमवारी पहिल्या गाडीनं भाकरी सोलापुरात येतील. किती पाहिजेत ते रविवारी दुपारपर्यंत सांगा. तुमच्या घरी भोगी गोड होऊ द्या.”

सुनेने वहीत पाहून ते फोनवर उतरवले. भाकरीचा व्हिडिओ गॅलरीत होता, तो वाचला होता. रात्री दहाला सगळे लोकांपुढे गेले. रविवारी दुपारपर्यंत शंभरावर भाकरींची मागणी आली. रविवारी रात्री गावात आठ चुली पेटल्या. सोमवारी पहाटे मी स्वतः एसटीत बसून टोपल्या नेल्या. तेवढे तरी माझ्याकडून व्हायला हवे होते.

पण एक गोष्ट सांगायला हवी. पहिल्या अकरा ओळींत एक ओळ आक्कांच्या आईवर होती. भाकरी थापायला आईने कसे शिकवले, याची ती ओळ. सात ओळींत ती नाही. मी विचारले, तर आक्का म्हणाल्या, “ती आठवंना गुरुजी. तवा लिवताना जशी आली, तशी परत येईना.” अजूनही ती ओळ त्यांना सापडलेली नाही.

भाकरी विकल्या गेल्या. पैसेही आले. ती ओळ मात्र गेली. म्हणून हा धडा मी लिहिला. तुमच्या मनातली ओळ तुम्हाला एकदाच सुचते. ती आधी वहीत धरा. मग खुशाल फोनवर टाका.

आता आक्कांची वही तांदळाच्या डब्यावर असते. फोन सुनेजवळ असतो. ते पोर आता दुसऱ्यांचे फोन दुरुस्त करून देते. पण बटण दाबण्याआधी विचारते, “काकू, तुमचं काही लिहिलेलं आहे का यात?”

ध्यानात ठेवा

आधी वहीत, मग फोनवर.

उठण्याआधी जतन करा.

‘ठेवू की टाकू’ असा प्रश्न आला, तर वाचून मगच बोट टेकवा.

‘क्लिअर डेटा’ दाबू नका.

मजकूर लोकांपुढे जाईपर्यंत मूळ फोटो पुसू नका.

पासवर्ड आणि ओटीपी कोणाला सांगू नका.

करून पाहा

आपल्या कामाविषयी पाच ओळी वहीत लिहा. त्या फोनवर उतरवा. मसुदा म्हणून जतन करा. फोन बंद करून पुन्हा चालू करा. मसुदा सापडतो का, ते पाहा. सापडला, तर शेजारच्या माणसालाही शिकवा.